मक्त्याच्या जागेवरचा किल्ला : तरंगंबाडीचा डान्सबोर्ग आणि तंजावरचे मराठे

१) आजचा धागा एका समुद्रकाठच्या किल्ल्यावर आहे आणि त्याची सुरुवात मात्र समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या माझ्या गावातून, अंजनगाव सुर्जीतून करावी लागणार आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी इथे झालेल्या तहाने दौलतराव शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, अहमदनगरचा किल्ला आणि त्यांबरोबरच भडोचचे बंदर व किल्ला ईस्ट इंडिया कंपनीला दिला. त्याआधी तेरा दिवस, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांच्या हातून कटक आणि बालासोर गेले होते. पश्चिमेचे एक बंदर आणि पूर्वेचा एक लांबलचक किनारा, दोहोंचा निकाल वऱ्हाडात, गाविलगडाच्या परिसरात लागला.

२) त्याच १८०३ च्या डिसेंबर महिन्यात तंजावरला एक निराळेच काम पूर्ण होत होते. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सविस्तर इतिहास मराठीत कोरला जात होता. तो कोरवून घेणारे राजे म्हणजे दुसरे सरफोजी. या दोन घटना एकाच महिन्यातल्या आहेत हे लक्षात आल्यापासून मला तंजावरच्या मराठ्यांविषयी कुतूहल वाटू लागले. कावेरीच्या खोऱ्यावर पावणेदोनशे वर्षे नांदलेल्या या मराठी राज्याचा समुद्राशी, आणि समुद्रावरून आलेल्या युरोपियनांशी, नेमका काय संबंध होता?

३) या प्रश्नाचे एक उत्तर आजही दगड-विटांच्या रूपात उभे आहे. तमिळनाडूच्या मयिलाडुतुरै जिल्ह्यात, कारैकालच्या थोडे उत्तरेला तरंगंबाडी नावाचे गाव आहे. युरोपियनांनी त्याचे नाव ‘ट्रांकेबार’ केले. तिथे बंगालच्या उपसागराच्या अगदी काठावर ‘डान्सबोर्ग’ हा डॅनिश किल्ला आहे आणि त्या किल्ल्यात तमिळनाडू राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. ‘डान्सबोर्ग’ म्हणजे डेन लोकांचा गड.

४) किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्री येतो, नाहीतर सातपुड्यातले गाविलगड आणि नरनाळा. हे किल्ले राजाचे असतात. जमीन राजाची, तटबंदी राजाची, शिबंदीही राजाचीच. डान्सबोर्गची गोष्ट तशी नाही. आमच्याकडे वऱ्हाडात शेत मक्त्याने देतात, म्हणजे मालकी एकाची आणि कसणारा दुसरा. हा किल्ला तशा मक्त्याच्या जागेवर उभा राहिला. त्याच्या आयुष्यातली सव्वाशेहून अधिक वर्षे या जागेचे मालक मराठी राजे होते. या धाग्यात सांगायचे आहे ते एवढेच. पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

५) आधी गावाच्या नावाविषयी. ‘तरंगंबाडी’ म्हणजे गाणाऱ्या लाटांचे गाव, असा अर्थ पर्यटकांना हमखास सांगितला जातो. अर्थ मोहक आहे. परंतु समुद्रकाठच्या मासिलामणिनाथ मंदिरातील शिलालेखात गावाचे नाव ‘सडंगन्पाडी’ असे येते आणि त्याचे दुसरे नाव ‘कुलशेखरपट्टणम’. मारवर्मन कुलशेखर पांड्याच्या काळातले, १३०६ सालचे हे मंदिर आहे. ‘पट्टणम’ हे बिरुद व्यापारी बंदरांना लागत असे. म्हणजे डॅनिश जहाजे येण्याआधी तीनशे वर्षे इथे व्यापारी वस्ती होती. युरोपियनांनी ओसाड वाळूवर शहर वसवले, ही समजूत इथेच गळून पडते.

६) आता डॅनिश. १६१६ साली राजा चौथा क्रिस्तियान याच्या आश्रयाने डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. इंग्रज व डच कंपन्यांना मिरी-लवंगांच्या व्यापारात मिळणारा नफा पाहून निर्माण झालेली ही कंपनी होती. ओव्हे ग्येडे या तरुण सरदाराच्या हाताखाली १६१८ मध्ये तिचे आरमार निघाले. त्याचा पहिला रोख सिलोनवर, कँडीच्या राजाकडे होता. वाटेत निम्म्याहून अधिक माणसे दगावली आणि सिलोनमध्ये काही हाती लागले नाही.

७) ग्येडेच्या आधी पुढे गेलेल्या ‘ओरेसुंद’ या जहाजाची गत आणखी वाईट झाली. १६१९ मध्ये कारैकालजवळ पोर्तुगीजांनी ते बुडवले. बहुतेक खलाशी मारले गेले किंवा पकडले गेले आणि दोघांची मुंडकी किनाऱ्यावर खांबांना टांगण्यात आली. जहाजाचा प्रमुख रोलांट क्रापे काही सोबत्यांसह निसटला आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या दरबारी पोहोचला. रघुनाथ नायक विद्वान आणि संगीतज्ञ राजा होता, शिवाय व्यवहारचतुर. नागपट्टणमला बसलेल्या पोर्तुगीजांना शह देण्यासाठी त्याला दुसरा युरोपियन गिऱ्हाईक हवाच होता.

८) नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला. डॅनिशांना तरंगंबाडीत किल्ला बांधण्याची व व्यापाराची परवानगी मिळाली आणि त्याबदल्यात तंजावरला दरसाल ठरावीक खंड भरायचा होता. पुढील काळातील नोंदींत ही रक्कम वार्षिक ३,१११ रुपये अशी येते. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर तमिळमध्ये पत्र पाठवले. ताडपत्राच्या आकाराचे ते सुवर्णपत्र आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहे.

९) या पत्राचा अर्थ लावताना घाई करू नये. डॅनिश इतिहासाच्या दृष्टीने ते वसाहतीचे जन्मपत्र ठरते. तंजावरच्या दृष्टीने पाहिले तर एका राजाने आपल्या किनाऱ्यावरच्या एका गावात परदेशी व्यापाऱ्यांना बसवून घेतले, एवढाच तो व्यवहार होता. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर अरब, चेट्टी, आर्मेनियन असे अनेक व्यापारी येत-जात होते. डॅनिश त्यांतलेच एक. फरक एवढाच, की या व्यापाऱ्यांनी वखारीला बुरूज घातले.

१०) आता किल्ल्यात जाऊ. मयिलाडुतुरैहून येणारा रस्ता गावाच्या जुन्या वेशीतून आत शिरतो. या वेशीवर डेन्मार्कच्या राजाची मुद्रा आणि १७९२ हे वर्ष आहे. तिथून ‘किंग्ज स्ट्रीट’ सरळ समुद्राकडे जातो. वाटेत १७०१ चे झायन चर्च आणि १७१८ चे न्यू जेरुसलेम चर्च लागते. रस्ता संपतो तिथे एक मोकळे पटांगण, उजव्या हाताला किल्ला आणि समोर समुद्र. सगळे गाव पायी फिरायला दोन तास पुरतात. किल्ल्याला निराळा वेळ द्यावा.

११) आकाराने डान्सबोर्ग आपल्या गिरिदुर्गांच्या मानाने फार लहान आहे. चार कोपऱ्यांना बुरूज, भोवती पूर्वी खंदक होता, त्यावर उचलता येणारा पूल होता. आता खंदक उरलेला नाही. समुद्राकडच्या अंगाला मुख्य दुमजली इमारत आहे, सुमारे ६० मीटर लांब आणि ११ मीटर रुंद. वरच्या मजल्यावरच्या दालनांची छपरे उंटाच्या मदारीसारखी घुमटाकार आहेत. या वास्तूची रचना डेन्मार्कमधील क्रोनबोर्ग या समुद्रकाठच्या किल्ल्याची आठवण करून देते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे एल्सिनोर ते हेच.

१२) इमारतीची वाटणी पाहिली की तिचा उद्देश स्पष्ट होतो. खालचा मजला कोठारांचा, शिपायांचा आणि कैद्यांचा. वरचा मजला गव्हर्नर, मोठे व्यापारी आणि पाद्री यांचा. म्हणजे तळात माल आणि वर मालाचे हिशेब ठेवणारे. आपल्या किल्ल्यांत आपण सदर, बालेकिल्ला, अंबरखाना शोधतो. इथे सारी वास्तूच अंबरखान्यावर उभी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर समोरच्या प्रशस्त बंगल्यात राहू लागले आणि किल्ल्याचे महत्त्व हळूहळू कमी झाले.

१३) या कोठारांत काय होते? प्रामुख्याने सुती कापड. कोरोमंडलच्या विणकरांचे कापड डॅनिश जहाजे पूर्वेकडे मकासारला नेत आणि तिथून लवंगा घेत. युरोपहून आणलेल्या मालाला आशियात फारशी मागणी नव्हती. म्हणून भारतातले कापड हेच चलन ठरले. किनाऱ्याच्या उत्तर भागातील मागांसाठी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून जात असे, हे आपण वऱ्हाडकरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. या व्यापाराची काळी बाजूही आहे: सतराव्या शतकात दुष्काळाच्या दिवसांत या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून माणसे विकली गेली आणि त्या व्यापारात डॅनिशही सामील होते.

१४) डान्सबोर्गचे सर्वांत विलक्षण प्रकरण १६५५ नंतरचे आहे. १६३९ पासून पुढे जवळजवळ तीस वर्षे डेन्मार्कहून एकही जहाज तरंगंबाडीला आले नाही. युरोपात युद्धे चालू होती, मूळ कंपनी १६५० मध्ये मोडली. डॅनिश माणसे एकेक करून मरत गेली आणि अखेर एस्किल्ड आंदरसन कोंग्सबाके नावाचा एकच जण उरला. हा साधा, निरक्षर माणूस. स्थानिक आणि पोर्तुगीज वंशाच्या लोकांनी त्यालाच प्रमुख मानले.

१५) या माणसाने किल्ल्यावर डॅनिश निशाण फडकत ठेवले. खंड थकल्यामुळे नायकाचे सैन्य चालून येई. त्याला तोंड देण्यासाठी त्याने गावाभोवती तट बांधून घेतला. पैसा कुठून? बंगालच्या उपसागरात जहाजे लुटून. मे १६६९ मध्ये डेन्मार्कहून ‘फेरो’ हे जहाज अखेर पोहोचले, तेव्हा आपल्या राज्याची ही वसाहत अजून शाबूत आहे हे पाहून खलाशी चकित झाले असतील! त्यांनी कोंग्सबाकेची नेमणूक रीतसर कायम केली. थकलेल्या खंडासाठी मालकाने दारात येणे आणि कुळाने कुंपण उंच करणे, असा हा प्रसंग आहे.

१६) लवकरच मालक बदलला. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर जिंकले. त्याला हटवण्यासाठी विजापूरने शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांना पाठवले आणि १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर स्वतःच्याच ताब्यात घेतले. कावेरीच्या सुपीक मुलखाबरोबर समुद्रकाठची परदेशी कुळेही त्यांच्या वाट्याला आली: तरंगंबाडीचे डॅनिश, नागपट्टणमचे डच. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवराय आणि व्यंकोजी यांची भेट झाली, ती या नव्या राज्याच्या सीमेवर कोळ्ळिडम नदीकाठी.

१७) व्यंकोजींनी डॅनिशांना हुसकावले नाही, आणि हे स्वाभाविक होते. भातशेतीचा महसूल हा या राज्याचा कणा आणि बंदरातून येणारा रोख पैसा ही वरकमाई. पण मालक कोण, हे तंजावर विसरले नव्हते. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या कारकिर्दीत, १६९९ च्या सुमारास, मराठी सैन्याने तरंगंबाडीला वेढा घातला. डॅनिशांना इंग्रजांची कुमक आली, तेव्हा तो उठला. भोसले घराण्याचे सैन्य डेन्मार्कच्या किल्ल्यासमोर उभे ठाकल्याची ही घटना आपल्या शालेय पुस्तकांत सहसा भेटत नाही.

१८) ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीला निराळ्याच उद्देशाने दोन तरुण जर्मन उतरले. डॅनिश राजाने पाठवलेले हे धर्मोपदेशक म्हणजे बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइन्रिख प्लूत्शाउ. झीगेनबाल्गचे गव्हर्नरशी बिनसले आणि १७०८-०९ मध्ये त्याला चार महिने डान्सबोर्गमध्येच कैदेत ठेवण्यात आले. ज्या राजाच्या आज्ञेने तो आला, त्याच राजाच्या किल्ल्यात बंदिवान! व्यापाऱ्यांना धर्मप्रसारामुळे धंद्यात बाधा नको होती.

१९) सुटल्यावर त्याने तमिळचा अभ्यास नेटाने चालू ठेवला. १७१२ मध्ये छापखाना आला, पाठोपाठ तमिळ खिळे आले आणि १७१४-१५ मध्ये तमिळ नवा करार छापून झाला. शेजारच्या पोरैयारला कागदाचा कारखानाही निघाला. धर्मप्रसाराविषयी कोणाचे काहीही मत असो, भारतीय भाषांतील मुद्रणाच्या इतिहासात तरंगंबाडीचे स्थान टाळता येत नाही. आणि या छापखान्याचा धागा पुढे मराठीपर्यंत येतो.

२०) तो असा. याच मिशनमध्ये १७५० साली क्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ दाखल झाला आणि पुढे तंजावरला स्थायिक झाला. तंजावरचे तुळजाजीराजे १७८७ मध्ये वारले. दत्तक पुत्र सरफोजी अवघे दहा वर्षांचे होते. त्यांचे पालकत्व आणि शिक्षण श्वार्ट्झने पाहिले. हेच सरफोजी पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाचे थोर आश्रयदाते झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी तंजावरला देवनागरी छापखाना उभारला आणि इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ तिथे छापले गेले. मराठी मुद्रणाच्या पहिल्या पुस्तकांपैकी हे एक.

२१) मात्र सरफोजींच्या हाती आलेले राज्य पोखरलेले होते. अर्काटचा नवाब आणि त्याच्या पाठीशी असलेले इंग्रज यांच्या खंडण्या भागवण्यासाठी तुळजाजींनी डच आणि डॅनिशांकडून कर्जे काढली व मुलूख गहाण टाकला. १७७३ मध्ये इंग्रजांनी नवाबासाठी तंजावर घेतले आणि १७७६ मध्ये परत केले, पण आपले सैन्य आत ठेवून. शंभर वर्षांपूर्वी व्यंकोजींच्या वेळी डॅनिश हे तंजावरचे कूळ होते. आता तंजावर त्यांचे ऋणको झाले. मालकी कागदावर तीच राहिली, सत्तेचे वजन मात्र सरकले.

२२) तरंगंबाडीला मात्र त्याच काळात बरे दिवस आले. १७७७ मध्ये वसाहतीचा कारभार कंपनीकडून थेट डॅनिश राजसत्तेकडे गेला. पुढील काही वर्षे इंग्रज, फ्रेंच आणि डच आपसांत लढत होते आणि डेन्मार्क तटस्थ होता. तटस्थ निशाणाखालची जहाजे सुरक्षित असल्याने सर्वांचा माल डॅनिश जहाजांतून जाऊ लागला. इंग्रज कंपनीचे नोकरसुद्धा भारतात मिळवलेली खाजगी माया याच मार्गाने युरोपला पाठवत. गावातील अनेक देखण्या इमारती या सुबत्तेच्या काळातल्या आहेत.

२३) आता पुन्हा आपल्या तहांकडे येऊ. १७९८ मध्ये रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून आला. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीला दिला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. १८०१ मध्ये, युरोपात इंग्लंड-डेन्मार्क संघर्ष पेटताच, इंग्रजांनी तरंगंबाडी ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी ती परत केली. आणि १८०३ च्या अखेरीस याच गव्हर्नर जनरलच्या धाकट्या भावाने, आर्थर वेलस्लीने, अडगाव व गाविलगड जिंकून अंजनगावला शिंद्यांशी तह केला.

२४) तंजावर, तरंगंबाडी, अंजनगाव. चार-साडेचार वर्षांत घडलेल्या या तीन गोष्टी आपण तीन वेगळ्या प्रकरणांत वाचतो: एक ‘दक्षिणेतील संस्थाने’, दुसरे ‘युरोपीय वसाहती’, तिसरे ‘दुसरे इंग्रज-मराठा युद्ध’. कलकत्त्यात बसलेल्या वेलस्लीच्या टेबलावर त्या एकाच नकाशाचे भाग होत्या. बालासोरसह कटक हाती आल्यावर बंगाल आणि मद्रास हे इंग्रजांचे दोन इलाखे किनाऱ्याने जोडले गेले. मग या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणा युरोपियनाचा किल्ला असला काय आणि नसला काय, फरक पडेनासा झाला.

२५) सरफोजींना हे उमगले नसेल असे वाटत नाही. १८०३ मध्ये भिंतीवर कुळाचा इतिहास कोरवून घेणारा राजा राज्याविना होता. जे राखता येत नव्हते ते निदान लिहून ठेवावे, असा त्यामागे विचार असावा. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. याच राजाने १८१४ च्या सुमारास किनाऱ्यावर ‘मनोरा’ नावाची उंच वास्तू बांधली, ती नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ! तिच्यावर अनेक भाषांत लेख आहेत आणि त्यांत मराठीही आहे. पूर्वजांनी युरोपियनांना किनारा मक्त्याने दिला होता; वंशजाने त्याच किनाऱ्यावर युरोपियनांच्या विजयाचा स्तंभ उभारला. त्यांना नुसते दूषण देण्यापेक्षा हे अंतर सव्वाशे-दीडशे वर्षांत कसे कापले गेले, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

२६) डान्सबोर्गचा शेवट लढाईने झाला नाही. १८०८ ते १८१५ तो पुन्हा इंग्रजांकडे होता. तोवर यंत्रावरच्या विलायती कापडाने कोरोमंडलच्या कापडाची बाजारपेठ खाल्ली होती आणि वसाहत डेन्मार्कला परवडेनाशी झाली. १८४५ मध्ये तरंगंबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर या वसाहती साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकण्यात आल्या. करारावर उभा राहिलेला किल्ला खरेदीखताने संपला. दहा वर्षांनी, १८५५ मध्ये, तंजावरचे शेवटचे राजे दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि ते राज्यही नामशेष झाले.

२७) पुढे किल्ल्याने सरकारी विश्रामगृहाचेही काम केले. १९७७ मध्ये तो राज्य संरक्षित स्मारक झाला आणि १९७९ मध्ये इथे संग्रहालय सुरू झाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्कमधील इतिहासप्रेमींच्या सहकार्याने डागडुजी झाली. संग्रहालय लहान आहे. चिनी मातीच्या बरण्या, काचेच्या वस्तू, तोफगोळे, तलवारी आणि भाले, दगडी शिल्पे, चुन्याच्या मूर्ती, लाकडी कोरीवकाम, देवमाशाच्या हाडांचा भाग, अशा मिश्र वस्तू एका छताखाली आहेत.

२८) पहिल्यांदा पाहताना हा संग्रह विस्कळीत वाटतो. चीनची बरणी, डेन्मार्कचे कागद आणि तमिळ देवतेची मूर्ती यांचा परस्परांशी संबंध काय? किल्ल्याचा इतिहास मनात ठेवून पाहिले की संबंध दिसतो. बरणी आशियाई सागरी व्यापाराची साक्ष देते, मूर्ती डॅनिशांच्या आधीपासूनच्या वस्तीची. मराठी पाहुण्याने इथे जरीपटका शोधू नये. मराठ्यांचा वाटा करारांत, खंडाच्या हिशेबांत आणि गहाणखतांत आहे, आणि तो काचेच्या कपाटात सहज मांडता येत नाही.

२९) किल्ल्याबाहेर आले की समुद्र फार जवळ आलेला जाणवतो. मासिलामणिनाथ मंदिराचा मोठा भाग लाटांनी गिळला आहे. किनाऱ्यावर आता बचावासाठी मोठमोठे दगड टाकलेले आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या गावातील कोळीवाड्याने अनेक माणसे गमावली. समुद्रकाठच्या वारशाचे जतन म्हणजे केवळ भिंतींना चुना लावणे नव्हे. किनारा टिकला तर किल्ला टिकेल, आणि किनाऱ्यावर राहणारी माणसे टिकली तर त्याची आठवण टिकेल.

३०) यापुढे कोणताही किल्ला किंवा किल्ल्यातले संग्रहालय पाहताना तीन प्रश्न सोबत न्यावेत, अशी माझी विनंती आहे. ही जमीन कोणाची होती आणि ती कोणत्या अटीवर दिली गेली? हा किल्ला कोणत्या मालाच्या नफ्यावर उभा राहिला? आणि त्याचे मूळ कागद आज कुठे आहेत, कोणत्या भाषेत व लिपीत आहेत? ‘कोणी जिंकला’ हा प्रश्न आपण न शिकवताच विचारतो. हे तीन मुद्दाम विचारावे लागतात.

३१) तिसरा प्रश्न सर्वांत निकडीचा. डान्सबोर्गचे सुवर्णपत्र कोपनहेगनमध्ये सुरक्षित आहे. तंजावरच्या मराठी राज्याची दफ्तरे मात्र मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारे हात झपाट्याने कमी होत आहेत. डॅनिश आणि तमिळ कागद वाचणारे अभ्यासक या किल्ल्याची कथा त्यांच्या बाजूने लिहीत आहेत, ते योग्यच आहे. तंजावर दरबाराची बाजू मोडी वाचता येणाऱ्यालाच नीट लिहिता येईल. मोडीची मूळ ओळख काही महिन्यांच्या चिकाटीने होते. हा धागा वाचणाऱ्यांपैकी दोघा-चौघांनी जरी ते मनावर घेतले, तरी पुष्कळ झाले.

३२) तरंगंबाडीला जायचे तर मयिलाडुतुरैपर्यंत रेल्वे आहे आणि तिथून बस मिळते. जोडून तंजावर अवश्य करा: बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी लेख, सरस्वती महाल आणि श्वार्ट्झ चर्चमधील संगमरवरी शिल्प, ज्यात मरणासन्न श्वार्ट्झजवळ सरफोजी उभे आहेत. पुढच्या धाग्यात आपण अडगावच्या लढाईपासून अंजनगावच्या तहापर्यंतचा एक महिना, २९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर १८०३, दिवसागणिक पाहू. तोवर आपल्या भागातील एखाद्या गढीचा किंवा किल्ल्याचा मूळ कागद कुठे आहे, हे कोणाला ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा.